धक्क्याला वेळ नसतो

सत्यशीला : कौसाताई, खरं खरं सांग हं. तू हे विजेचे खांब फोडतीस, ते मजा वाटती म्हणून, का कोणावर राग हाये म्हणून?

कौसल्या : हा प्रश्न तुझा नाही.

सत्यशीला : माझाच हाये.

कौसल्या : तुझा असता तर असा पाठ केल्यासारखा एका दमात आला नसता. कोणी पाठवलंय?

सत्यशीला : बेबीनंदानं. आन् मेहरुन्निसानं. पैज लागलीय ना! म्हणल्या, तुझ्या इंजिनेर बहिणीला विचारून दाखव, न्हाई तर तू भित्री. मी आन् भित्री? गॅदरिंगला सगळ्या शाळेसमोर भाषण केलं मी, माईक बंद पडला तरी थांबले न्हाई! सांग की. त्या बघ गेटाबाहेर उभ्या हायेत, बोरं खात.

कौसल्या : मग सांग त्यांना, दोन्ही. मजाही वाटते आणि रागही आहे.

सत्यशीला : राग कोणावर?

कौसल्या : ते पैजेत होतं का?

सत्यशीला : न्हाई.

कौसल्या : मग राहू दे. डबा आणलास?

सत्यशीला : बाबांचा आणलाय.

कौसल्या : आणि माझा?

सत्यशीला : तुझा... तुझा दिला न्हाई वाटतं मायनं.

कौसल्या : आजही? मामी मला रोज विसरते की काय! असू दे. मामा अर्धी भाकर मोडून देतातच. काल तर लसणाची चटणी सगळी मीच संपवली.

सत्यशीला : ती चटणी मी कुटल्ती! बाबांसाठी!

कौसल्या : तरीच. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या.

सत्यशीला : त्यांना तिखटच लागती. तुला काय ठाऊक? आठ दिवस झाले तुला येऊन.

कौसल्या : खरंय. मला काय ठाऊक?

सत्यशीला : आन् हे काय टांगून ठेवलंय? तीन वासे बांधून?

कौसल्या : घण. दोरी ओढली की कप्पीवरून वर जातो, सोडली की धाडकन खाली. त्याच्याखाली काँक्रीटचं छोटं बीम ठेवायचं. माझ्या शेवटच्या वर्षाचं काम आहे ते. कॉलेजातल्या सरांनी या यार्डाच्या शेठशी बोलून दिलं.

सत्यशीला : फोडायचंच तर बनवायचं कशाला?

कौसल्या : हे बघ. इथं खांब तयार झाला की त्याच्या टोकाला दोर बांधतात आणि हळूहळू ओढतात. बरोबर?

सत्यशीला : मला नको सांगू. यार्ड निघालं तवापासून येऊन राह्यले मी. ओढत्यात, ओढत्यात, खांब वाकतो, सोडला की सरळ होतो. मंग बाबा त्याच्यावर खडूनं खूण करत्यात. पास!

कौसल्या : आणि तोच पास झालेला खांब गावात उतरवला की मधोमध तडकतो. आतल्या तारांवर लोंबत राहतो. का?

सत्यशीला : बाबांची गँग बराबर उतरवती हं! आधीच सांगून ठेवते.

कौसल्या : मामांच्या गँगला कोण काय म्हणतंय? पण ट्रकवरून खांब सरकवला की एक टोक आधी खाली आदळतं. लोखंडी खांबाला त्याचं काही नसायचं, तो ठण्ण करून गप. काँक्रीटचं तसं नाही. हळू ओढलं तर ते सगळं सहन करतं. एकदम दणका बसला की गेलं.

सत्यशीला : मंग सिमेंट वाढवायचं! सोपं तर हाये.

कौसल्या : शेठही तेच म्हणाले. वाढवलंय. खांब जास्त मजबूत झाले, आणि फुटताना जास्त वाईट फुटायला लागले. एकदम काचेसारखे.

सत्यशीला : जास्त मजबूत आन् जास्त वाईट फुटतं? काहीपण! आमच्या बाईंना सांगितलं तर वर्गाबाहेर काढतील तुला.

कौसल्या : करून बघ मग. साचे आहेत, खडी आहे, सिमेंट आहे. तुझं ते शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे ना? काय नेणार होतीस?

सत्यशीला : ज्वालामुखी. सोड्याचा.

कौसल्या : मागच्या वर्षी?

सत्यशीला : ज्वालामुखीच. छोटा होता.

कौसल्या : मग लाव पैज. दोन बीम तू कर, दोन मी करते. आत गज नाही घालायचे, नुसतं काँक्रीट. एका जोडीवर हळूहळू वजन ठेवू, दुसऱ्या जोडीवर घण सोडू.

सत्यशीला : आन् बाबा निकाल देणार.

कौसल्या : देतील.

सत्यशीला : आन् जी जिंकंल तिलाच बाबांनी इंजिनेर म्हणायचं. दुसरीला न्हाई. कध्धीच न्हाई.

कौसल्या : ही कसली अट गं?

सत्यशीला : मी दुसरीत असल्यापासून म्हणत्यात ते मला. 'आमची इंजिनेर आली, आमची इंजिनेर जेवली का.' तू आल्यापासून म्या हाक ऐकली की वळते, तर ती तुलाच असती. एका घरात एकच इंजिनेर. बोल, मंजूर?

कौसल्या : मंजूर. पण एक काम कर माझं. लोखंड बांधायच्या तारेचे तुकडे पडलेत सगळ्या यार्डात, बोटाएवढे. डबाभर वेचून देशील?

सत्यशीला : कचरा? मी वेचू? देते की. तुला कचराच शोभतो.

*

झुंबरबाई : हळू कूट. खलबत्ता फुटंल.

सत्यशीला : माय, म्या असलं बीम केलंय, असलं बीम केलंय! सिमेंट तिच्या दुप्पट. पाणी एवढुसं, नावाला. काळ्या दगडाची खडी चाळून घेतली, धुऊन घेतली. साच्यात भरलं आन् मुसळानं असं ठोकलं, असं ठोकलं, गुलाम नबी चाचा ट्रकमधून उतरून बघायला आले. म्हणले, 'बेटी, किल्ला बांध रही क्या?'

झुंबरबाई : आन् मुसळ कुठंय माझं?

सत्यशीला : धुऊन ठेवलंय. आता तीन आठवडे झाले बीम पाण्यात बुडवून. रोज जाऊन बघते. वाजवलं तर खण्ण वाजतं, घंटीसारखं! तिचं ठक्क वाजतं. दळभद्री.

झुंबरबाई : कोनाला दळभद्री म्हन्तीस?

सत्यशीला : बीमाला. सिमेंट साधंच, त्याच्यात तारेचा तो कचरा मिसळला तिनं. डाळीत केस पडल्यावानी दिसून राह्यलंय. आन् बाबा तिच्याजवळ उकिडवे बसून म्हणत्यात, 'वा, कौसाबाई, भारी डोकं हाये.' माझ्याकडं बघितलं बी न्हाई. म्या ओरडून सांगितलं, बाबा, माझं बघा. तर म्हणले, बघतो बघतो. बघतो बघतो म्हंजे काय?

झुंबरबाई : म्हंजे बघतो.

सत्यशीला : तू बी तिच्याच बाजूनं!

झुंबरबाई : मी चुलीच्या बाजूनं. भाकर करपती. मला एक सांग, तुझं भांडान तिच्याशी हाये का बापाशी?

सत्यशीला : तिच्याशी! ती आली, माझी खाट घेतली. माझा कंदील घेतला अभ्यासाला. माझी फणी बी घेतली. आता बाबा बी.

झुंबरबाई : तुझी आत्या ठाऊक हाये का तुला? तिची माय?

सत्यशीला : फोटोत.

झुंबरबाई : तुझा बाप चौथी शिकला, ती न्हाई. तिनं गुरं राखली म्हनून ह्यो शाळंत गेला. मंग बाहात्तरचा दुष्काळ पडला. कौसाचा बाप मुंबईला जातो म्हनून गेला, तो गेलाच. मायलेकी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. कौसा तवा तुझ्याएवढी. दिवसा खडी, सांजच्याला पुस्तक. हाताला चिंध्या बांधून लिवायची.

सत्यशीला : हे मला कोणी सांगितलं न्हाई.

झुंबरबाई : तू नऊ वर्साची व्हतीस. सुकडी खायला मिळती म्हनून नाचत व्हतीस.

सत्यशीला : गोड असायची ती. ...पन म्हणून काय माझं सगळं द्यायचं का तिला?

झुंबरबाई : कोनी सगळं मागितलं? आता दुसरं सांग. मी रोज दोन डबे बांधून देते तुझ्याकडं. पितळी त्यांचा, निळ्या फडक्यातला कौसाचा. बराबर?

सत्यशीला : ...बराबर.

झुंबरबाई : मंग तुझा बाप घरी येतो तो उपाशी कसा येतो? आल्या आल्या परातीत हात घालतो.

सत्यशीला : कष्टाचं काम हाये ना. भूक लागत आसंल.

झुंबरबाई : आधी लागत नव्हती का?

सत्यशीला : माय, भाकर! भाकर करपली बघ!

*

तातेराव : या, या, दोन्ही इंजिनेर या!

सत्यशीला : दोन्ही न्हाई बाबा. आज ठरणार हाये कोण ते.

तातेराव : बरं बाई, बरं. इतवारचा दिवस, यार्डात कोनी न्हाई. बिलकुल शांततेत होऊ द्या तुमची कुस्ती. आधी काय?

कौसल्या : आधी वजन, मामा. बीमाची दोन टोकं या विटांवर टेकवायची आणि मधोमध वाळूची पोती रचायची. एकावर एक, सावकाश. आदळायचं नाही.

तातेराव : सावकाश तर सावकाश. कौसाबाईचं आधी घेऊ. हे एक. हे दुसरं. तिसरं... आरं, आवाज आला!

कौसल्या : बारीक चीर गेली. हे बघा, खालून. बीम सांगतंय, आता पुरे.

सत्यशीला : सांगतंय कसलं, रडून राह्यलंय! टाका की अजून एक.

तातेराव : टाकतो. ...वाकलं. चीर रुंद झाली, पन पडंना. बस, उतरवतो आता. चार पोती झाली.

सत्यशीला : आता माझं! बघा हं बाबा. नीट बघा. हिकडं बघा.

तातेराव : बघूनच राह्यलो ना शीले. एक. दोन. तीन. चार... आवाज बी न्हाई! पाच. सहा. कमाल हाये! पोती संपली.

सत्यशीला : तुम्ही बसा वर!

तातेराव : मी?

सत्यशीला : बसा ना! काही होत न्हाई.

तातेराव : बसलो बघ. ...आरं वा! वाड्याच्या भिंतीवर बसल्यावानी वाटून राह्यलंय. वा गं माझी इंजिनेर! मानलं बुवा!

सत्यशीला : ऐकलंस? ताई, ऐकलंस? कोणाला म्हणले? बाबा, परत म्हणा.

तातेराव : माझी इंजिनेर! झालं?

सत्यशीला : बेबीनंदा पाह्यजे होती आत्ता! ताई, तुझं तोंड बघ कसं झालंय, कारल्यावानी. औरंगाबादला जाऊन सांग सरांना, दहावीतल्या पोरीनं हरवलं!

कौसल्या : छान केलंयस तू बीम. खरंच. माझ्या हातूनही इतकं घट्ट झालं नसतं.

सत्यशीला : मंग हरलीस ना?

कौसल्या : वजनात हरले. घण राहिलाय.

सत्यशीला : आता कशाला घण? जिंकले ना मी. दुपार झाली, माय वाट बघत आसंल.

कौसल्या : पैज दोन्हीची होती. भ्यालीस का?

सत्यशीला : मी भिते? लाव! आधी तुझं लाव.

कौसल्या : मामा, हे ओलं पोतं बीमावर टाका. घण कमरेएवढा वर. आणि सगळ्यांनी त्या खांबांच्या थप्पीमागं. सोडा!

तातेराव : सोडला!

कौसल्या : बघू. काढा पोतं.

तातेराव : तडकलंय. हे बघ, हिकडून तिकडं भेग गेली. पन तुटलं न्हाई! तारंचे तुकडे धरून बसलेत दोन्हीकडून. जसं टाके घातल्यावानी.

कौसल्या : अजून एकदा सोडा. ...हं. अजून उघडलं थोडं. तरी एका तुकड्यात आहे.

सत्यशीला : भेग पडली म्हंजे फुटलंच ते. आता माझं. आन् कमरेएवढा कशाला? डोक्याएवढा घ्या. वर! अजून वर!

कौसल्या : शीला, तुझ्या बीमालाही कमरेएवढाच घ्यायचा. दोघींना सारखं.

सत्यशीला : माझं तुझ्यावानी लेचंपेचं न्हाई. आन् ते पोतं काढ बघू. पांघरूण कशाला माझ्या बीमाला? बाबांना दिसलं पाह्यजे.

कौसल्या : पोतं राहू दे. मामा, तिला सांगा.

तातेराव : शीले, ती म्हन्ती तसं कर.

सत्यशीला : ती म्हन्ती तसं! ती म्हन्ती तसं! सहा पोती आन् तुम्हाला पेललं की न्हाई त्यानं? मीच दोरी धरते. हे काढलं पोतं. हे बघा!

कौसल्या : थांब, हात लावू नकोस! शीला!

(घण सुटतो. बीमाचे दोन तुकडे दोन्ही बाजूंना उडतात.)

तातेराव : शीले! शीले! कुठं लागलं? डोळा बघू, डोळा उघड. हात बघू. बोल की काहीतरी! शीले!

सत्यशीला : बाबा...

तातेराव : बोट हालव. हे हालव. काय झालं? कुठं दुखतंय?

सत्यशीला : मला न्हाई बाबा. मला काही न्हाई झालं. ताईला बघा.

कौसल्या : काही नाही, मामा. कपची लागली. भुवईच्या वर आहे, डोळा वाचला.

तातेराव : आरं देवा! रगत थांबंना. धर, माझं पागोटं धर, दाबून धर. शीले, तू दाब. हालू नको देऊस तिला. मी टांगा घेऊन येतो, जल्दी येतो!

*

सत्यशीला : दुखतंय?

कौसल्या : तू इतकं दाबलंस तर दुखेलच. जरा सैल धर.

सत्यशीला : तू मला धरायला पुढं आल्तीस. थप्पीमागंच राह्यली असतीस तर लागलं नसतं.

कौसल्या : राहिले नाही.

सत्यशीला : ताई, माझ्यावर ओरड. शिव्या दे. काहीतरी दे.

कौसल्या : त्यापेक्षा तो तुकडा दे. तुझ्या पायाजवळचा. तुटलेली बाजू इकडं कर. काय दिसतं?

सत्यशीला : सपाट हाये. सुरीनं कापल्यावानी.

कौसल्या : खडी बघ. काळा दगड.

सत्यशीला : दगड बी कापला गेलाय! अर्धा हिकडं, अर्धा तिकडं. अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसा.

कौसल्या : आता वजनाखाली तडकलेलं माझं बघ. तिथं खडे कसे दिसतात?

सत्यशीला : अख्खे. वर आलेत. चिवड्यातल्या शेंगदाण्यावानी.

कौसल्या : साध्या काँक्रीटमधली भेग खड्याला वळसा घालते. वळता वळता दमते, कुठं तारेला अडकते, कुरकुरते. आपल्याला कळतं, काहीतरी होतंय. तुझं इतकं घट्ट होतं की त्यात दगड वेगळा आणि सिमेंट वेगळं राहिलंच नाही. भेगेला वळसा घालायचं कारणच नव्हतं. त्यात वरून दणका. हळू वजन ठेवलं की रस्ता शोधायला वेळ मिळतो. धक्क्याला वेळ नसतो. तो समोर येईल त्याच्यातून जातो.

सत्यशीला : वजनाला इतकं चांगलं होतं ना पन?

कौसल्या : उत्तमच होतं. म्हणून तर कोणाला शंका आली नाही. शेठलाही नाही.

सत्यशीला : त्यानं आधी सांगितलंच न्हाई काही. तुझं सांगत तरी होतं.

कौसल्या : हं.

सत्यशीला : आन् त्या तारा मीच वेचल्त्या. कचरा म्हणून. तुला हिणवायला गंजलेल्या बी टाकल्त्या दोन-चार.

कौसल्या : बघितल्या. काढून टाकल्या. ...हसतेस काय? मी काय आंधळी आहे?

सत्यशीला : ताई, त्या दिवशी मी विचारल्तं ना, राग कोणावर. ते पैजेत नव्हतं. आता माझं मी विचारते.

कौसल्या : माझा? पुष्कळांवर होता. दगडांवर होता. जो मुंबईला गेला त्याच्यावर होता. आणि इथं आल्यापासून थोडा तुझ्यावर.

सत्यशीला : माझ्यावर? मी काय केलं? म्हंजे... आधी काय केल्तं?

कौसल्या : रोज दुपारी गेटातून येतेस आणि केवढ्यांदा ओरडतेस, 'बाबाऽऽ'. ट्रकवरची माणसं वळून बघतात. मला ऐकू आलं की हातातलं काम थांबतं माझं. अशी हाक मारायला मला कोणी नाही. मामा मला कौसाबाई म्हणतात, इंजिनेर म्हणतात, अर्धी भाकर देतात. पण मघाशी घण पडला तेव्हा आधी कोणाकडं पळाले, बघितलंस?

सत्यशीला : बघितलं.

कौसल्या : मी रक्तानं माखलेली होते. तुला ओरखडाही नव्हता. मग? आता तरी तुझा कंदील मला नीट वापरू देशील?

सत्यशीला : कंदील घे. फणी बी घे. पन फणीचे दोन दात तुटलेत.

कौसल्या : ते मीच तोडले. रागानं.

*

तातेराव : झोपली का कौसा?

झुंबरबाई : झोपली. टाके पडलेत तीन. डाक्टर म्हनला, वण राहील.

सत्यशीला : माय, बाबा, मला काही सांगायचं हाये. माझं ठरलंय.

तातेराव : सांग की. आज लई गप बसलीस. मला वाटलं तापबीप आला.

सत्यशीला : प्रदर्शनात मी ज्वालामुखी नेणार न्हाई.

झुंबरबाई : बरं झालं. माझा सोडा वाचला.

सत्यशीला : माझं बीम नेणार.

तातेराव : ने ना! मी बसलो व्हतो ते ने. अख्खं हाये. मास्तरांना सांग, माझा बाप बसला व्हता याच्यावर.

सत्यशीला : ते न्हाई. फुटलेलं नेणार. दोन्ही तुकडे, तुटलेली बाजू वर करून. आन् त्याच्या शेजारी ताईचं, भेगेचं. लोकांना आधी विचारणार, ह्यातलं मजबूत कोणतं.

तातेराव : आगं पन फुटकं घेऊन जायचं? पोरी हसतील तुला. ती बेबीनंदा तर गावभर करील.

सत्यशीला : करू दे. तिनं मला एक प्रश्न विचारायला पाठवल्तं, आता मी तिला दहा विचारीन. आन् पाटीवर दोघींची नावं लिहिणार. आधी तिचं.

तातेराव : आन् इंजिनेर कोन ते ठरलं का मंग? तुझी अट व्हती ती.

सत्यशीला : तुम्ही हाक मारा बाबा. जी वळंल ती.

तातेराव : दोघी वळल्या तर?

सत्यशीला : तर दोघींना काम सांगा. उद्या गँगला सांगाल ना, खांब उतरवताना खाली वाळूची पोती टाकायला?

तातेराव : ते कौसानं कवाच सांगितलंय. मीच म्हन्लो, इतकी वर्सं फेकून राह्यलो, आता काय शिकवतीस. आज दिसलं. उद्यापासून पोती. गुलाम नबीला बी सांगतो.

झुंबरबाई : झालं तुझं? का अजून काही ठरलंय? दिवा बारीक करते.

सत्यशीला : अजून एक. बाबा, ताईला तुम्ही रोज अर्धी भाकर देता ना...

तातेराव : आता त्याच्यावर बी रुसलीस का? तिचा डबा राहून जातो, मंग काय उपाशी ठेवू तिला?

सत्यशीला : राहून जात न्हाई. माय रोज बांधती. निळ्या फडक्यात. गेटाबाहेर आम्ही तिघी खायचो तो.

तातेराव : काय म्हन्लीस?

झुंबरबाई : बोलू द्या तिला.

सत्यशीला : एवढंच. उद्यापासून दोन्ही डबे यार्डात पोचतील.